मिस्टर स्पॅनिशचं दफन

पश्चिम टेक्ससच्या कोरड्या पठारावर मार्फा नावाचं छोटं गाव आहे. १९५४ साली तिथल्या ब्लॅकवेल शाळेत एक अंत्यविधी झाला. शाळेतल्या मुलांना कागदाच्या चिठ्ठ्या देण्यात आल्या. स्पॅनिश भाषेचा निरोप घ्यायचा, ती इथं पुन्हा बोलायची नाही, असा त्या चिठ्ठ्यांचा हेतू. चिठ्ठ्या एका पेटीत भरल्या, मुलं रांगेनं चालत शाळेच्या आवारात आली, ध्वजस्तंभाजवळ खड्डा खणला आणि पेटी पुरली. मयताचं नाव होतं ‘मिस्टर स्पॅनिश’. जमलेली सगळी मुलं मेक्सिकन वंशाची होती आणि पुरलेली भाषा त्यांच्या आईची होती.

ब्लॅकवेल ही १९०९ पासूनची ‘मेक्सिकन शाळा’. गोऱ्या मुलांची शाळा वेगळी. आवारात तोंडून स्पॅनिश शब्द निसटला तर लाकडी फळीचा मार बसे. दफनानंतर वर्षभरानं याच गावात ‘जायंट’ या प्रसिद्ध चित्रपटाचं चित्रीकरण झालं. एलिझाबेथ टेलर, रॉक हडसन, जेम्स डीन अशी मंडळी मार्फात उतरली होती. मेक्सिकन माणसाला टेक्ससमध्ये मिळणारी वागणूक हा त्या चित्रपटाच्या कथेतला एक मोठा धागा होता. कॅमेऱ्यासमोर ज्या अन्यायाची गोष्ट रंगत होती, तोच अन्याय त्या गावच्या शाळेत रोज हजेरी लावत होता.

या प्रसंगाची खरी विसंगती मात्र मार्फाच्या बाहेर पाहिलं की दिसते. त्या काळी अमेरिकेतल्या असंख्य हायस्कुलांत आणि महाविद्यालयांत स्पॅनिश हा मानाचा विषय होता. त्यासाठी पाठ्यपुस्तकं होती, क्रियापदांचे तक्ते होते, परीक्षा होत्या, गुण होते. इंग्रजी बोलणाऱ्या घरातल्या मुलानं ‘ब्वेनोस दीआस’ म्हटलं की शाबासकी आणि मेक्सिकन मुलानं तेच म्हटलं की फळी. एकाच देशात, एकाच भाषेसाठी असे दोन वर्ग बहुतेक शंभर वर्षं शेजारी शेजारी भरत होते. दुसरी भाषा म्हणून स्पॅनिश शिकणाऱ्यांचा इतिहास आणि पहिली भाषा म्हणून ती सोबत आणणाऱ्यांचा इतिहास सहसा वेगवेगळ्या पुस्तकांत सापडतो. ते एकत्र वाचले तरच दोन्ही कळतात.

सुरुवात १८४८ पासून करावी लागते. त्या वर्षी २ फेब्रुवारीला ग्वादालूपे इदाल्गोचा तह झाला. टेक्सस आधीच गेलं होतं. आता कॅलिफोर्निया, न्यू मेक्सिको आणि भोवतालचा अफाट मुलूख मेक्सिकोला सोडावा लागला. साधारण निम्मा देश गेला. तिथं राहणारी स्पॅनिश बोलणारी माणसं कुठंही गेली नव्हती. घर तेच, विहीर तीच, चर्चही तेच. फक्त कचेरीतला कागद एके दिवशी इंग्रजीत आला. आज ज्यांना सरसकट ‘स्थलांतरित’ म्हटलं जातं, त्यांच्यातल्या कित्येकांचे पूर्वज असे जागच्या जागी परदेशात पोचलेले आहेत.

आरंभी नव्या राज्यकर्त्यांनी थोडी उदारता दाखवली. कॅलिफोर्नियाची १८४९ ची राज्यघटना माँटेरे गावी तयार झाली, तेव्हा सभेत स्पॅनिश बोलणारे प्रतिनिधी बसले होते आणि त्यांच्यासाठी दुभाषा नेमला होता. कायदे दोन्ही भाषांत छापावेत असं त्या घटनेत लिहिलं गेलं. पण सोन्याच्या ओढीनं लाखो माणसं लोटली, जमिनी हातोहात गेल्या, संख्येचं पारडं फिरलं. १८७९ च्या घटनेत ते कलम उरलं नाही. कायदे इंग्रजीतच छापायचे असं ठरलं. तीस वर्षांत एक भाषा राजपत्रातून उठून स्वयंपाकघरात गेली.

न्यू मेक्सिको थोडं वेगळं निघालं. तिथं स्पॅनिश बोलणारे बहुसंख्य होते आणि राजकारणात पाय रोवून होते. १९१२ साली हा प्रदेश राज्य झाला, तेव्हा त्याच्या घटनेत दोन गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या होत्या. शिक्षकांना इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही भाषांत तयार करावं आणि स्पॅनिश वंशाच्या मुलांना कधीही वेगळ्या शाळेत बसवू नये. कागदावरचं सगळं वर्गात उतरलं नाही, हे खरं. तरीही शेजारच्या टेक्ससमध्ये काय चाललं होतं ते पाहिलं की या ओळींची किंमत कळते. टेक्ससनं १९१८ साली इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेतून शिकवणं हा गुन्हा ठरवला. परकी भाषा हा विषय म्हणून शिकवायला मुभा होती. स्पॅनिश शिकवता येत होती, स्पॅनिशमधून शिकवता येत नव्हतं.

१९१८ हे साल लक्षात ठेवण्याजोगं आहे. पहिलं महायुद्ध चालू होतं आणि जर्मन भाषेवर अमेरिकेत राग उसळला होता. १९१५ मध्ये सरकारी हायस्कुलांतले २४.४ टक्के विद्यार्थी जर्मन शिकत होते. १९२२ मध्ये हे प्रमाण उरलं ०.६ टक्के. एवढ्या जर्मन शिक्षकांचं, एवढ्या रिकाम्या तासांचं करायचं काय? पनामा कालवा १९१४ साली खुला झाला होता, दक्षिण अमेरिकेच्या बाजारपेठेकडे व्यापाऱ्यांचे डोळे लागले होते. रिकाम्या जागी स्पॅनिश आली. १९१० मध्ये ती जेमतेम ०.७ टक्के विद्यार्थी शिकत होते, १९२२ मध्ये ११.३ टक्के. १९१७ साली न्यूयॉर्कमध्ये स्पॅनिश शिक्षकांची देशव्यापी संघटना उभी राहिली आणि ‘हिस्पानिया’ हे तिचं नियतकालिक सुरू झालं. व्यापाराची भाषा, सेर्व्हान्तेसची भाषा, उद्याची भाषा म्हणून तिचा गौरव होऊ लागला.

नेमक्या याच वर्षांत मेक्सिकोत क्रांतीचा वणवा पेटला होता. १९१० ते १९२० या दहा वर्षांत आणि पुढंही लाखो माणसं जीव मुठीत घेऊन किंवा पोटासाठी उत्तरेकडे आली. रेल्वेचे रूळ टाकायला, लिंबं आणि संत्री तोडायला, बीट उपटायला, कापूस वेचायला. त्यांची मुलं शाळेत गेली तेव्हा त्यांच्या तोंडी तीच भाषा होती जी गावातल्या हायस्कुलात मोठ्या कौतुकानं शिकवली जात होती. त्या मुलांचं कौतुक कुणी केलं नाही.

‘हिस्पानिया’चे पहिले संपादक औरेलियो एस्पिनोसा यांच्यात हे दोन्ही वर्ग एकाच माणसात भेटतात. ते १८८० साली दक्षिण कोलोरॅडोत जन्मले. घरची भाषा स्पॅनिश, तीही डोंगराळ खेड्यातली. पुढं ते स्टॅनफर्ड विद्यापीठात प्राध्यापक झाले, पण त्याआधी शिकागोत त्यांनी प्रबंध लिहिला तो न्यू मेक्सिकोच्या बोलीवर. शाळामास्तर ज्या रूपांना गावंढळ ठरवून खोडत होते, त्यांतली कितीतरी रूपं जुनी, अस्सल स्पॅनिश होती. ‘आणलं’ यासाठी पुस्तकात ‘त्राहे’ असतं, न्यू मेक्सिकोतली आजी ‘त्रूहे’ म्हणते. ‘असं’ यासाठी पुस्तकात ‘आसी’, आजीच्या तोंडी ‘आसीना’. चारशे वर्षांपूर्वी स्पेनहून निघालेल्या माणसांनी हे शब्द सोबत नेले आणि मायभूमीनं ते टाकून दिल्यावरही डोंगरात जपून ठेवले. तंजावरच्या मराठीत महाराष्ट्रानं विसरलेली वळणं टिकून राहावीत, तसंच हे. तंजावरच्या माणसाला पुण्यातल्या कुणी ‘तुमची मराठी चुकीची’ म्हणावं, तसा शेरा त्या मुलांच्या वहीवर पडत होता.

त्याच सुमाराला एक मराठी माणूस उलट्या दिशेनं या भाषेत शिरला. वर्ध्यात वाढलेले, गदर चळवळीतले पांडुरंग खानखोजे १९२४ साली मेक्सिकोत पोचले. शेतीशास्त्र ते अमेरिकेत शिकले होते. हिंदुस्थानचा दरवाजा इंग्रज सरकारनं त्यांच्यासाठी बंद केला होता. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी शाळेत त्यांनी शिकवलं, मक्याच्या वाणांवर संशोधन केलं आणि शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा काढल्या. तिथं सांगायचं ते स्पॅनिशमधूनच सांगावं लागत होतं. एका परक्या, निर्वासित माणसाची स्पॅनिश तिथल्या शेतकऱ्यांनी ऐकून घेतली, त्याच्यापुढं बसून शिकले. दिएगो रिव्हेरा यांनी मेक्सिको शहरातल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर रंगवलेल्या चित्रांत भाकरी वाटणारा जो माणूस आहे, तो खानखोजे. सीमेच्या उत्तरेला मेक्सिकन मुलाच्या मोडक्या इंग्रजीला असं आसन मिळालं नाही.

उत्तरेला त्याच्यासाठी ‘अमेरिकीकरण’ ठेवलेलं होतं. कॅलिफोर्नियानं १९१५ साली कायदा करून घरोघर जाणाऱ्या शिक्षिका नेमायला परवानगी दिली. त्यांनी स्थलांतरित आयांना इंग्रजी शिकवायचं, स्वच्छता शिकवायची, स्वयंपाकही शिकवायचा. शाळेत पहिल्याच दिवशी मारीयाची मेरी व्हायची, हेसूसचा जेसी. वर्षानुवर्षं मुलं ‘इंग्रजी येत नाही’ म्हणून वेगळ्या खोलीत बसत आणि वेगळ्या खोलीत इंग्रजी बोलणारं कुणी नसल्यामुळं त्यांना इंग्रजी येत नसे. त्यातच बुद्धिमापनाच्या चाचण्यांचं नवं वेड आलं. चाचणी इंग्रजीत, मूल स्पॅनिश बोलणारं, निकाल ठरलेला. न्यू मेक्सिकोत जन्मलेले, खेड्यात शिक्षकी केलेले जॉर्ज सांचेझ यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीलाच लेख लिहून विचारलं की ज्या भाषेत मूल विचार करत नाही त्या भाषेत त्याची बुद्धी मोजायची कशी? इतका साधा प्रश्न. त्याचं उत्तर द्यायला शिक्षणखात्यांनी कित्येक वर्षं घेतली.

आईबापांनी मात्र वाट पाहिली नाही. सान दिएगोजवळ लेमन ग्रोव्ह हे लिंबांच्या बागांचं गाव. ५ जानेवारी १९३१ ला सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा मुख्याध्यापक दारात उभे होते. गोरी मुलं आत, मेक्सिकन मुलं नव्या इमारतीकडे. ती ‘नवी इमारत’ पाहून पालकांनी तिला नाव दिलं ‘ला काबायेरीसा’, म्हणजे तबेला. सुमारे पंचाहत्तर मुलं होती. पालकांनी त्यांना तिकडं पाठवलंच नाही. बागेत रोजावर राबणारी माणसं, मंदीचे दिवस, मेक्सिकनांना गाड्यांत भरून सीमेपार धाडण्याची मोहीम देशभर चालू, अशा काळात त्यांनी एकजूट केली, वकील गाठला आणि रोबेर्तो आल्व्हारेझ या बारा वर्षांच्या मुलाच्या नावानं दावा लावला. शाळामंडळाचं म्हणणं असं की वेगळं ठेवणं मुलांच्याच हिताचं, त्यांना इंग्रजी शिकायला बरं. न्यायाधीश क्लॉड चेंबर्स यांना ते पटलं नाही. इंग्रजी शिकायची तर इंग्रजी बोलणाऱ्या मुलांत बसायला हवं, एवढं त्यांना दिसत होतं. मुलं आपल्या जुन्या वर्गात परतली. निकाल त्या एका गावापुरता राहिला.

पुढचा लढा ऑरेंज परगण्यात झाला आणि त्याची गोष्ट फार बोलकी आहे. गोन्सालो मेंदेझ आणि फेलिसितास मेंदेझ हे जोडपं वेस्टमिन्स्टर गावी शेती करत होतं. शेत मुनेमित्सू या जपानी कुटुंबाचं. युद्धामुळं सरकारनं त्या कुटुंबाला छावणीत डांबलं होतं, म्हणून ते मेंदेझांनी भाड्यानं घेतलं होतं. गोन्सालोची बहीण सोलेदाद विदाऊर्री आपली मुलं आणि भावाची मुलं अशी सगळी मिळून जवळच्या शाळेत नाव घालायला गेली. तिची मुलं वर्णानं उजळ, आडनाव कानाला परदेशी पण मेक्सिकन न वाटणारं. त्यांना प्रवेश मिळाला. सिल्व्हिया मेंदेझ आणि तिचे भाऊ सावळे, आडनाव मेंदेझ. त्यांना मेक्सिकन शाळेचा रस्ता दाखवला गेला. आत्यानं सगळ्यांचे हात धरले आणि सगळ्यांना परत घरी आणलं.

भाषा हे निमित्त होतं, हे सांगायला यापेक्षा चांगला पुरावा नको. सोलेदादच्या मुलांची आणि भाच्यांची भाषा एकच होती. १९४५ साली मेंदेझ आणि आणखी चार बापांनी चार शाळा-जिल्ह्यांवर खटला भरला, सुमारे पाच हजार मुलांच्या वतीनं. शाळांनी पुन्हा इंग्रजीचंच कारण पुढं केलं. वकील डेव्हिड मार्कस यांनी इंग्रजी उत्तम बोलणारी मेक्सिकन मुलं साक्षीला उभी केली. १९४६ मध्ये न्यायाधीश पॉल मकॉर्मिक यांनी निकाल दिला की असं वेगळं ठेवल्यानं मुलांचं इंग्रजी उलट मागं पडतं आणि त्यांच्यावर कमीपणाचा शिक्का बसतो. १९४७ मध्ये वरच्या न्यायालयानं निकाल कायम केला. त्याच वर्षी गव्हर्नर अर्ल वॉरन यांच्या सहीनं कॅलिफोर्नियाच्या शाळांच्या कायद्यातली वांशिक विभागणीची उरलेली कलमं गेली. सात वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश म्हणून ‘ब्राउन’ खटल्याचा निकाल वाचणारे वॉरन ते हेच. तोही १९५४ चाच. ज्या साली देशाचं सर्वोच्च न्यायालय वेगळ्या शाळा बेकायदा ठरवत होतं, त्याच साली मार्फात मिस्टर स्पॅनिशसाठी खड्डा खणला जात होता.

या सगळ्यात एक गैरसमज दूर करायला हवा. मेक्सिकन आईबापांना इंग्रजी नको होतं, असं मुळीच नव्हतं. उलट त्यांच्याइतकं ते कुणालाच हवं नसेल. बाजारात, दवाखान्यात, मुकादमापुढं रोज त्यांची अडवणूक होत होती. १९५७ साली टेक्ससच्या गनाडो गावात सतरा वर्षांची इझाबेल व्हेर्व्हेर ही मुलगी शाळेत न गेलेल्या चिमुरड्यांना गोळा करून शिकवू लागली. शिकवायचे इंग्रजीतले चारशे शब्द. तेवढे आले की पहिलीत मूल बावरणार नाही, मागं पडणार नाही. पैसा दिला फेलिक्स तिहेरीना यांनी. ते ह्यूस्टनचे हॉटेलमालक, कामगाराच्या घरातून वर आलेले आणि इंग्रजी कष्टानं कमावलेले. ‘चारशे शब्दांच्या शाळा’ गावोगाव निघाल्या आणि दोनच वर्षांत टेक्सस सरकारनं तो नमुना उचलून स्वतःचा कार्यक्रम सुरू केला. मातृभाषेला शिक्षा न करताही दुसरी भाषा शिकवता येते, हे त्या पोरीनं उन्हाळ्याच्या सुट्टीत दाखवून दिलं.

टेक्ससच्याच कोतुला गावी १९२८ साली एक वीस वर्षांचा तरुण मास्तर आला होता. कॉलेजची फी जमवायची म्हणून वर्षभर नोकरी. वेलहाउझन शाळा, सगळी मुलं मेक्सिकन, गरीब, कधी कधी उपाशीपोटी आलेली. मास्तर झपाटलेला होता. त्यानं खेळ सुरू केले, वक्तृत्वाच्या स्पर्धा घेतल्या, मुलांसाठी पदरचे पैसे घातले. आणि स्पॅनिश बोललेलं ऐकलं की तो मारतही असे. त्याचं नाव लिंडन जॉन्सन. १९६५ साली राष्ट्राध्यक्ष म्हणून मतदानाच्या हक्कावर संसदेत बोलताना त्यानं कोतुलाच्या त्या मुलांची आठवण काढली. त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि मला स्पॅनिश, असंही सांगितलं. २ जानेवारी १९६८ ला द्वैभाषिक शिक्षणाच्या कायद्यावर सही झाली ती जॉन्सनचीच. विधेयक आणलं होतं टेक्ससचे सिनेटर राल्फ यारबरो यांनी. त्याच्या पहिल्या मसुद्यात स्पॅनिश ही मुलांची मातृभाषा म्हणून आणि इंग्रजी ही त्यांची दुसरी भाषा म्हणून शिकवण्याची कल्पना होती. कायदा होता होता ती बरीच पातळ झाली.

कायदा आला म्हणून शाळा बदलल्या नाहीत. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये पूर्व लॉस एंजेलिसमधल्या हायस्कुलांतून हजारो विद्यार्थी वर्ग सोडून रस्त्यावर आले. त्यांच्यामागं साल कास्त्रो हा शिक्षक उभा राहिला आणि त्यासाठी तुरुंगातही गेला. नोव्हेंबरात टेक्ससच्या एडकाउच-एल्सा हायस्कुलातल्या मुलांनी बहिष्कार टाकला. मागण्यांच्या यादीत एक मागणी होती: शाळेत स्पॅनिश बोललो म्हणून आम्हाला शिक्षा करू नका. १९६८ साली, सतरा-अठरा वर्षांच्या मुलांना हे मागावं लागत होतं.

फ्लोरिडात चित्र निराळं होतं आणि ते का निराळं होतं याचा विचार करण्यासारखा आहे. १९५९ च्या क्रांतीनंतर क्यूबातून मायामीत आलेल्या पहिल्या लाटेत डॉक्टर होते, वकील होते, शिक्षक होते. अमेरिकेच्या दृष्टीनं ते साम्यवादाचे बळी, म्हणजे पाहुणे. आज ना उद्या हावानाला परतणार, तर मुलांची भाषा शाबूत राहायला हवी, असं त्यांनाही वाटत होतं आणि सरकारलाही चालत होतं. १९६३ मध्ये मायामीच्या कोरल वे प्राथमिक शाळेत दोन भाषांचा वर्ग सुरू झाला. अर्धा दिवस इंग्रजी, अर्धा दिवस स्पॅनिश. क्यूबन मुलंही त्यात, गोरी अमेरिकन मुलंही त्यात. पैसा फोर्ड फाउंडेशनचा, शिक्षकांत हावानाहून आलेल्या शिक्षिका. एका मुलाची पहिली भाषा ती दुसऱ्याची दुसरी आणि मैदानावर दोन्ही. दोन वेगळ्या वर्गांमधली भिंत पडली ती या शाळेत. पण कोरल वेचं यश टेक्ससच्या शेतमजुराच्या मुलाला लागू व्हायला फार काळ लागला. भाषा एकच, पण ती कुणाच्या तोंडी आहे यावर तिची पत ठरत होती. आणि क्यूबनांची पतही कायमची नव्हती. १९८० साली मारिएल बंदरातून सव्वा लाख माणसं आली, त्यांत गरीब आणि कृष्णवर्णीय आधीपेक्षा जास्त होती. त्याच नोव्हेंबरात मायामीच्या परगण्यानं मतदान करून स्पॅनिशमधला सरकारी कारभार बंद केला. तो ठराव उठायला १९९३ साल उजाडलं.

कॅलिफोर्नियातही असाच हेलकावा बसला. १९९८ साली ६१ टक्के मतदारांनी द्वैभाषिक वर्ग जवळजवळ बंद करणाऱ्या ठरावाला कौल दिला. १९७० च्या दशकात मोठ्या कष्टानं उभे राहिलेले वर्ग एका उन्हाळ्यात गुंडाळले गेले. २०१६ मध्ये त्याच राज्यानं ७३ टक्के मतांनी तो ठराव मागं घेतला. मधल्या अठरा वर्षांत एक अख्खी पिढी शाळेतून बाहेर पडली होती.

त्या पिढीचं काय झालं, हे भाषा शिकवणाऱ्यांच्या वर्गात सगळ्यांत स्पष्ट दिसतं. कॉलेजच्या स्पॅनिशच्या तासाला दोन मुलं शेजारी बसलेली कल्पावीत. एक इंग्रजी घरातलं. त्याला व्याकरण पाठ आहे. इंग्रजीत ‘असणे’ एकच, स्पॅनिशमध्ये ‘सेर’ आणि ‘एस्तार’ अशी दोन क्रियापदं, हे त्यानं तक्त्यावरून घोकलंय. पण तोंड उघडलं की ‘ताको’चा ‘टाको’ होतो. स्पॅनिशचा ‘त’ आणि ‘द’ मराठीसारखा दातांना टेकून येतो, इंग्रजी जिभेला ती जागाच सापडत नाही. दुसरं मूल मेक्सिकन घरातलं. त्याचा ‘त’ निर्मळ आहे, ‘र’ घोळत येतो, अंगाई, शिव्या, आजीचे टोमणे, भाज्यांची नावं सगळं ओठावर आहे. पण ‘तू यावंस असं मला वाटतं’ या वाक्यातल्या ‘यावंस’ला जसं मराठीत खास रूप आहे तसं स्पॅनिशमध्येही आहे आणि तिथं हे मूल अडखळतं. कारण ते रूप पक्कं होण्याच्या वयात त्याची भाषा शाळेच्या दारात थांबवली गेली. पहिल्याच्या चुकांना प्राध्यापक हसून समजावतात. दुसऱ्याला विचारतात, ‘मेक्सिकन ना तू? आणि हे येत नाही?’

घरचेही त्याला सोडत नाहीत. ‘मला माहीत नाही’ हे स्पॅनिशमध्ये ‘नो से’. क्रियापदाचं नियमित रूप लावलं तर होईल ‘नो साबो’. जसं लहान मराठी मूल ‘केलं’ऐवजी ‘करलं’ म्हणून जातं. चूक नव्हे, नियम कळल्याची ती खूण आहे. पण अमेरिकेत जन्मलेल्या आणि स्पॅनिश अर्धवट राहिलेल्या मुलांना आता ‘नो साबो’ याच नावानं चिडवतात. शाळेनं मारलं म्हणून ज्या आईबापांनी मुलांशी स्पॅनिश बोलणं सोडलं, त्यांच्या नातवंडांना स्पॅनिश येत नाही म्हणून लाज वाटायला लावली जाते. लेखिका ग्लोरिया आन्साल्दूआ रिओ ग्रान्दे खोऱ्यात वाढल्या. मधल्या सुट्टीत स्पॅनिश बोलल्याबद्दल त्यांच्या बोटांवर पट्टी बसली. पुढं कॉलेजात मेक्सिकन वंशाच्या सगळ्या विद्यार्थ्यांना उच्चारातली मेक्सिकन छटा घालवण्यासाठी वेगळे तास घ्यावे लागत. आणि शुद्ध स्पॅनिशवाले त्यांच्या बोलीला बिघडलेली म्हणत, ते वेगळंच. १९८७ सालच्या ‘बॉर्डरलँड्स’ या पुस्तकात त्यांनी हे सगळं दोन्ही भाषा मिसळून लिहिलं.

अशा मुलांना परकी भाषा शिकवतात तसं शिकवून चालणार नाही, हे ओळखणाऱ्यांत ग्वादालूपे वाल्देस या पहिल्या फळीतल्या. १९७० च्या दशकात सीमेलगतच्या लास क्रूसेस गावच्या विद्यापीठात त्या शिकवत होत्या, पुढं स्टॅनफर्डला गेल्या. घरून भाषा घेऊन आलेल्याला ती शून्यापासून शिकवायची नसते. त्याच्या बोलीचा मान ठेवून तिच्यात लिहिण्यावाचण्याची, सभेत बोलण्याची भाषा मिळवायची असते. आज अनेक विद्यापीठांत यासाठी स्वतंत्र वर्ग आहेत. कॅलिफोर्नियानं २०११ मध्ये कायदा करून दोन भाषांत लिहूवाचू शकणाऱ्या विद्यार्थ्याच्या प्रमाणपत्रावर खास मोहोर द्यायला सुरुवात केली. अमेरिकेत आता चार कोटींहून अधिक माणसं घरी स्पॅनिश बोलतात.

मार्फाची ब्लॅकवेल शाळा १९६५ मध्ये बंद झाली. तिच्या माजी विद्यार्थ्यांनी इमारत पडू दिली नाही. २००७ साली ते पुन्हा त्या आवारात जमले आणि त्यांनी मिस्टर स्पॅनिशला जमिनीतून वर काढण्याचा विधी केला. यावेळी मातीतून निघालं ते स्पॅनिशचं पुस्तक. २०२२ मध्ये ही जागा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ करण्याचा कायदा झाला.

या गोष्टीत आणखी एक मूल आहे आणि त्याच्याकडे पाहिल्यावाचून ती पुरी होत नाही. मेक्सिकोच्या वाहाका राज्यातून कॅलिफोर्नियात स्ट्रॉबेरी तोडायला आलेल्या कितीतरी कुटुंबांची भाषा मिश्तेक किंवा सापोतेक आहे. ग्वातेमालाहून येणाऱ्या कित्येकांची माम किंवा किचे. त्यांच्यासाठी स्पॅनिश हीच दुसरी भाषा. ज्या मंत्रालयाच्या भिंतीवर खानखोजे भाकरी वाटताना दिसतात, त्याच मंत्रालयाच्या खेड्यातल्या शाळांनी १९२० च्या दशकापासून आदिवासी मुलांना स्पॅनिशभाषी करून सोडण्याचा चंग बांधला होता. तिथंही घरची भाषा बोलली की शिक्षा होई. मिश्तेक मूल कॅलिफोर्नियाच्या शाळेत आलं की ‘मेक्सिकन’ म्हणून त्याला स्पॅनिश बोलणारी शिक्षिका दिली जाते आणि ते गप्प बसतं.

ऊगो मोरालेस हे असंच मिश्तेक मूल. नवव्या वर्षी वाहाकाहून कॅलिफोर्नियात आले, बागेत आईवडिलांबरोबर फळं वेचली, मग हार्वर्डमध्ये कायदा शिकले आणि परत शेतमजुरांत आले. १९८० साली ४ जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, फ्रेस्नोहून त्यांचं ‘रादियो बिलिंग्वे’ हे केंद्र बोलू लागलं. त्यावर स्पॅनिश आहे, इंग्रजी आहे आणि रविवारी ‘ला ओरा मिश्तेका’, म्हणजे मिश्तेकांचा तास आहे. मादेरा-फ्रेस्नोच्या मजूरवस्तीत तो लागतो. कुणीतरी फोन करून निवेदकाला वाहाकातल्या आपल्या गावाचं नाव सांगतं, एखादं गाणं लावायला सांगतं आणि बोलता बोलता स्पॅनिश सोडून मिश्तेकमध्ये जातं.